कुपवाडच्या वर्कशॉपमध्ये जुन्या मिनीबसला बसवलेले स्वतंत्र सस्पेन्शन

सांगली-मिरज परिसरात कटर आणि वेल्डिंगच्या जोरावर गाडीला काहीही बसवून देणारे कारागीर पुष्कळ आहेत, पण कापण्याआधी मोजणारे थोडे. कुपवाड एमआयडीसीतील ज्या वर्कशॉपकडून मी माझ्या जुन्या मिनीबसच्या पुढच्या बाजूचे काम करून घेतले, ते या थोड्यांपैकी आहे. तेथील कामाबद्दल मी समाधानी आहे. हिशेब आणि ब्रेक यांबाबत मात्र माझ्या तक्रारी आहेत.

गाडी महिंद्राची एफजे मिनीबस, टू-व्हील ड्राइव्ह. या गाडीत चालक जवळजवळ पुढच्या चाकावरच बसतो आणि दोन्ही चाके एकाच अखंड ॲक्सलने जोडलेली असतात, त्यामुळे डावे चाक खड्ड्यात गेले की उजवेही कलते आणि त्याचा धक्का पाट्यांमार्फत (पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगमार्फत) थेट सीटखाली पोहोचतो. कृष्णाकाठची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि तिच्यावरचे डांबरी रस्ते लाटांसारखे होतात. गळीत हंगामात त्याच रस्त्यांवरून उसाच्या दोन-दोन ट्रेलींचे ट्रॅक्टर जातात. अशा रस्त्यावर पाटे आणि किंगपिन (ज्यांवर पुढची चाके वळतात त्या खुंट्या) कितीही नवे घातले तरी स्टेअरिंगचा थरकाप फार काळ थांबत नव्हता. म्हणून अखंड ॲक्सल काढून त्याजागी महिंद्राच्याच बोलेरोचे स्वतंत्र सस्पेन्शन, म्हणजे प्रत्येक चाक वेगवेगळे वर-खाली होणारी रचना, बसवायचे ठरवले.

वर्कशॉपची पहिली अट मला पटली. बोलेरोचा पुढचा भाग वापरायचा असेल तर क्रॉसमेंबर (चॅसीची आडवी तुळई), चाकाला तिच्याशी जोडणारे वरचे आणि खालचे आर्म, नकल (चाक ज्यावर बसते आणि वळते तो भाग), डिस्क ब्रेक हे सारे एकाच गाडीचे आणा, भंगारातून तुकडे वेचून आणू नका, असे मिस्त्रींनी स्पष्ट सांगितले. वरचा आर्म खालच्यापेक्षा आखूड असतो, म्हणूनच गाडी वळणात झुकली तरी बाहेरचे चाक रस्त्याला बऱ्यापैकी धरून राहते. आर्म एका गाडीचे आणि नकल दुसऱ्या गाडीची घेतली की हे गणित बिघडते, शिवाय आर्म आणि नकल जोडणाऱ्या बॉल जॉइंटचा टेपर (निमुळता उतार) जुळेलच असेही नाही. चाकाचे पाच बोल्ट मात्र विनासायास जुळले, कारण दोन्हीकडे बोल्टांचे वर्तुळ 139.7 मिलिमीटरचेच आहे.

जुना ॲक्सल काढण्यापूर्वी चॅसीच्या दोन्ही बाजूंनी ओळंबा सोडून चाकांचे मध्य फरशीवर खडूने उमटवले गेले, कर्ण मोजले गेले आणि नंतर क्रॉसमेंबर त्याच खुणांवर आणला गेला. त्याआधी गाडी वजनकाट्यावर नेऊन फक्त पुढच्या चाकांवरचे वजन घेतले होते. (वजनकाट्यांची सांगलीत वानवा नाही, हळद आणि ऊस दोघांनीही ती सोय करून ठेवली आहे.) इंजिन, चालक आणि शेजारचा प्रवासी यांचा भार या गाडीत पुढच्या चाकांवर येत असल्याने बोलेरोची मूळ कॉइल स्प्रिंग दबून बसली असती, म्हणून अधिक ताठ स्प्रिंग मागवण्यात आल्या.

सर्वांत चांगले काम चॅसीचे झाले. पाट्यांचा भार चॅसीवर दोन टोकांना, म्हणजे त्यांना धरणाऱ्या हँगर आणि शॅकल या जोडांपाशी, विभागून पडत असे. आता तो सगळा क्रॉसमेंबरच्या जागी एकवटतो, आणि तेथे चॅसीची एका बाजूने उघडी, इंग्रजी ‘C’ आकाराची पट्टी तशीच ठेवली तर ती कालांतराने पिळवटते. वर्कशॉपने त्या भागात आतून पट्टी मारून पेटी बनवली आणि पट्टीची टोके सरळ न कापता तिरकी कापली, जेणेकरून वेल्डिंगची रेघ चॅसीला आडवी येऊन तेथूनच तडा जाऊ नये. वेल्डिंग सलग आणि स्वच्छ आहे.

स्टेअरिंगवर त्यांना दोनदा काम करावे लागले. टाय रॉडचे (चाक वळवणाऱ्या दांड्याचे) आतले टोक आर्मच्या आतल्या बिजागऱ्यांच्या रेषेत नसेल, तर चाक वर-खाली होताना आपोआप वळते आणि खड्ड्यात गाडी हातातून निसटल्यासारखी वाटते. पहिल्या जुळणीत नेमके हेच होत होते. ते त्यांनी स्वतःच, स्प्रिंग काढून आणि जॅकने चाक वर-खाली करून, चाकाचे अंतर पुढे-मागे मोजताना पकडले व आयडलर आर्मची (स्टेअरिंगचे दांडे एका बाजूने तोलणाऱ्या भागाची) जागा बदलली. गाडी तशीच माझ्या हाती दिली नाही. वळणाचे वर्तुळ मात्र पूर्वीपेक्षा मोठे झाले आहे, आणि मिरजेच्या बाजारातील गल्ल्यांत ते जाणवते.

आता तक्रारी. पुढे डिस्क बसवूनही जुन्या ड्रम ब्रेकचा मास्टर सिलिंडर (पेडल दाबल्यावर ब्रेकचे तेल ढकलणारा पंप) तसाच ठेवला होता. डिस्कला चिमटणाऱ्या कॅलिपरला तेल जास्त लागते, त्यामुळे पेडल खोल जात होते. मी म्हटल्यावर सिलिंडर बदलला, पण त्याचे पैसे वेगळे लावले. असे काम मूळ अंदाजपत्रकातच असायला हवे होते. अँटी-रोल बार (वळणात गाडीचे झुकणे रोखणारा दांडा) इंजिनखालच्या तेलाच्या भांड्याला अडतो म्हणून बसवलेलाच नाही, आणि कुंभार्ली घाटाच्या वळणांवर गाडी पूर्वीपेक्षा जास्त झुकते. सरळ रस्त्यावरचा आराम इतका वाढला आहे की प्रवासी याविषयी बोलत नाहीत, पण चालवणाऱ्याला ते कळते. वेगळ्या आकाराचा बार वाकवून देऊ, असे आश्वासन अजून आश्वासनच आहे.

सुटे भाग धरून खर्च 1 लाख 40 हजार रुपयांच्या आसपास गेला. त्यात कागदपत्रांचा समावेश नाही, आणि वर्कशॉप त्या बाबतीत हात झटकते. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 नुसार निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मधील निकालातही हेच ठामपणे सांगितले आहे. म्हणून मी आधी परिवहन कार्यालयात अर्ज करून लेखी परवानगी घेतली, विमा कंपनीला कळवले आणि नंतरच गाडी कुपवाडला नेली. तुम्ही जाणार असाल तर हाच क्रम ठेवा, आणि अंदाजपत्रकात मास्टर सिलिंडर, अँटी-रोल बार व अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणे) या तीन ओळी लिहून घेतल्याशिवाय आगाऊ रक्कम देऊ नका.