खाणीच्या ढिगाऱ्यावर काय लावावं: शेंगवर्गीय झाडं, वाळा, नेचा की नुसती माती?

सावनेर-तुमसर पट्ट्यातले मँगनीजचे ढिगारे असोत की गोव्यात डिचोली-सांग्यातले लोहखनिजाचे रिजेक्ट डंप (खाणीतल्या टाकाऊ माती-दगडांचे ढीग), ते हिरवे करायची वेळ आली की सल्ल्यांना तोटा नसतो. कोणी करंज सुचवतं, कोणी वाळा, कोणी ‘धातू शोषणारी’ झाडं. रोपवाटिकेकडून दरपत्रक मागवण्याआधी एवढं ठरवा: धातू जमिनीतून काढून न्यायचाय, की आहे तिथेच जखडून ठेवायचाय? दोन्ही कामं एकाच झाडाला जमत नाहीत.

काढून न्यायचा असेल तर आधी कागदावर हिशेब मांडा. एक हेक्टर जमिनीतली वरची 20 सेंमी माती साधारण 2,600 टन भरते. तिच्यात किलोमागे 1,000 मिलिग्रॅम शिसं असेल तर एकूण शिसं 2,600 किलो. आता हेक्टरी 10 टन वाळलेला पाला देणारं दणदणीत पीक घेतलं आणि पाल्यात किलोमागे 100 मिलिग्रॅम शिसं उतरलं असं धरू (एवढं उतरणंही सोपं नाही), तर वर्षाकाठी निघालं 1 किलो. म्हणजे सगळं काढायला 2,600 वर्षं! शिवाय तो पाला टाकायचा कुठे, हा प्रश्न दरवर्षी नव्याने उभा.

या हिशेबाला बऱ्यापैकी छेद देणारं एक नाव आहे, टेरिस व्हिटाटा हा नेचा. जुन्या ओलसर भिंतींवर आपल्याकडेही तो उगवतो. तो आर्सेनिक पानांत प्रचंड प्रमाणात साठवतो, हे फ्लोरिडातल्या संशोधकांनी 2001 साली दाखवलं. पण तुमच्या ढिगाऱ्यात आर्सेनिक नसेल तर त्याचा उपयोग शून्य. मँगनीज किंवा लोहखनिजाच्या डंपवर त्याच्यामागे लागू नका.

उरलं जखडून ठेवणं. त्यात शेंगवर्गीय झाडं पुढे आहेत आणि त्याचं कारण धातूपेक्षा भुकेत आहे. ढिगाऱ्यात सेंद्रिय कर्ब जवळपास नसतो, नत्र नसतं, पाणी थांबत नाही. तिथे दुसरं झाड युरियाच्या वाट्याने जगतं आणि वाटा बंद झाला की वाळतं. ताग, ढैंचा, करंज, शिसम हवेतलं नत्र मुळांवरच्या गाठींत बांधतात, पानगळीने कर्ब वाढवतात आणि पुढच्या गवता-झुडपांना जागा करून देतात. नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने गुमगावच्या मँगनीज ढिगाऱ्यावर झाडं उभी केली तीही नुसती रोपं खोचून नाही. सोबत साखर कारखान्याचा प्रेसमड (उसाचा रस गाळून उरलेला चोथा-गाळ) होता आणि रायझोबियम, अझोटोबॅक्टर हे नत्र बांधणारे जिवाणू, मायकोरायझा ही मुळांशी जोडून राहणारी बुरशी अशी जैविक खतंही होती.

स्पेनमधलं उदाहरण आणखी बोलकं आहे. 25 एप्रिल 1998 रोजी सेव्हिल प्रांतात अझनालकोयार खाणीचा बंधारा फुटला आणि आम्लयुक्त, धातूंनी भरलेला गाळ ग्वादियामार नदीच्या खोऱ्यात पसरला. बहुतेक गाळ आधी यंत्रांनी उचलावा लागला. मागे राहिलेल्या मातीत सेव्हिलच्या संशोधकांनी पिवळ्या ल्युपिनचे प्रयोग केले, धातू सोसणारे जिवाणू बियाण्याला लावून. ल्युपिनही शेंगवर्गीयच, आणि त्याने धातू मुख्यतः मुळांतच अडवले, वर फार चढू दिले नाहीत. ‘सफाई’ म्हणून हे अपयश वाटेल. पण जखडून ठेवायचं असेल तर हवं ते नेमकं हेच.

या गटाच्या दोन खोडी रोपं विकणारा सांगणार नाही. नत्र बांधताना शेंगवर्गीय मुळं भोवतालची माती थोडी आम्ल करतात आणि आम्ल मातीत मँगनीज, जस्त, कॅडमियम अधिक विरघळतात. त्यामुळे मातीचा सामू (पीएच) दरवर्षी मोजा. घसरला तर चुना द्या. दुसरी खोडी जिवाणूंची. दुकानातल्या पाकिटातलं रायझोबियम शेतात चालतं, म्हणून ढिगाऱ्यावर टिकेलच असं नाही. दक्षिण फ्रान्समध्ये सां-लोराँ-ल-मिनिए इथल्या जस्ताच्या जुन्या खाणीवर उगवणाऱ्या एका शेंगवर्गीय रोपाच्या गाठींत धातूंना दाद न देणारा जिवाणू सापडला. 2009 मध्ये त्याला नावच मेसोरायझोबियम मेटॅलिड्युरन्स असं मिळालं. तेव्हा तुमच्या डंपवर आपोआप उगवलेलं टाकळ्याशेजारचं एखादं शेंगांचं झुडूप दिसलं तर आधी त्याच्या मुळांकडे बघा. गाठ नखाने फोडायची. आतून गुलाबी-लाल निघाली तर ती काम करतेय. पांढरट किंवा हिरवट असेल तर गाठ नुसती पोसली जातेय, नत्र बांधत नाही.

आता निवड शेंगवर्गीयांतली. इथे मला मातीच्या अहवालाइतकीच शेळ्यांची चिंता वाटते. सुबाभूळ झपाट्याने वाढते, शेवरीही. पण दोन्ही शेळ्यांचा आवडता चारा. गावालगतच्या डंपवर ती लावणं म्हणजे पाल्यात जो काही धातू चढेल तो दुधा-मटणाच्या वाटेने घरात आणणं. करंज हळू वाढतो, नत्रही बेताचंच बांधतो, पण गुरं त्याला तोंड लावत नाहीत आणि बियांचं तेल खाण्यात जात नाही. माझं मत करंजाला. गोव्यात डंपांवर सर्रास लावलेला आकेशियाही शेंगवर्गीयच. तो वेगाने माती धरतो, हे खरं. मात्र त्याचा जाड पालापाचोळा लवकर कुजत नाही, उन्हाळ्यात आग धरतो आणि खाली दुसरं फारसं उगवत नाही. फक्त हिरवा फोटो हवा असेल तर ठीक.

वाळ्याची खरी जागा उतारावर. दोन-तीन मीटर खोल जाणारी त्याची दाट मुळं पावसात धुपणारा उतार जसा धरतात तशी करंजाची रोपं पहिली काही वर्षं धरूच शकत नाहीत. नत्र मात्र तो बांधत नाही, म्हणून खत द्यावं लागतं. माथा सपाट असेल तर तिथे वाळ्यावर खर्च नको.

ढिगाऱ्यावर बाहेरच्या मातीचा थर देणं सर्वांत झटपट, पण हेक्टरभर 30 सेंमी थर म्हणजे 3,000 घनमीटर माती, हायवा ट्रकच्या दोनशेहून जास्त खेपा. ती माती कुठल्यातरी शेतातून किंवा टेकडीतूनच येणार. सल्फाइडमुळे (गंधकयुक्त खनिजांमुळे) आम्ल पाणी झिरपणाऱ्या टेलिंगवर, म्हणजे खनिज काढून उरलेल्या बारीक गाळावर, मात्र झाडांच्या भरवशावर राहू नका. तिथे आधी चुना आणि थर, झाडं नंतर.

साधा मँगनीज किंवा लोहखनिजाचा डंप असेल तर पहिल्या पावसाळ्यात प्रेसमड किंवा शेणखत घालून ताग-ढैंचा पेरा, फुलावर येताच कापून तिथेच अंथरा. त्याच पावसाळ्यात उतारावर वाळ्याच्या ओळी समपातळीत घाला. करंज आणि शिसम दुसऱ्या वर्षी. पैसे कमी पडले तर रोपांची संख्या कमी करा, प्रेसमड आणि कुंपणावरचा खर्च कापू नका.