पहिली अंडी चांगली निघाली आणि मी फसलो

विणीसाठी ठेवलेल्या बजरीगर या छोट्या पोपटांच्या तीन जोड्यांकरिता मी ज्या दुकानातून गेली काही वर्षे राळे आणि बाजरी घेत होतो, तेथूनच ‘परदेशी ब्रीडिंग किट’ म्हणून विकला जाणारा एक संच ९५० रुपयांना घेतला. त्यात कॅल्शियम व डी-३ जीवनसत्त्वाच्या थेंबांची एक बाटली आणि समुद्रफेणाच्या (माकुळासारख्या समुद्री जिवाच्या अंगातील पांढऱ्या, ठिसूळ कवचाच्या) चूर्णापासून बनवलेल्या, असे सांगितलेल्या, दोन पांढऱ्या वड्या होत्या. बिल मागितले तेव्हा ‘घरचेच गिऱ्हाईक, बिल कशाला’ असे हसून सांगण्यात आले आणि मीही हसलो.

असे पूरक खाद्य घेणे हा मूर्खपणा नव्हता, हे आधी सांगितले पाहिजे. जेमतेम पस्तीस-चाळीस ग्रॅम वजनाची मादी एक दिवसाआड अंडे घालत ४ ते ६ अंडी देते, त्या अंड्यांच्या कवचाचा सुमारे ९५ टक्के भाग कॅल्शियम कार्बोनेटचा असतो आणि नुसत्या दाण्यांत कॅल्शियम कमी व फॉस्फरस जास्त असल्यामुळे ही भरपाई दाण्यांतून होत नाही. शिवाय खाल्लेले कॅल्शियम अंगी लागण्यासाठी डी-३ लागते. ते पक्ष्याच्या शरीरात उन्हातील अतिनील किरणांमुळे तयार होते, पण माझे पिंजरे सरकत्या काचांच्या गॅलरीत होते आणि काच नेमके तेच किरण अडवते.

पहिल्या विणीत तिन्ही माद्यांची अंडी टणक व गुळगुळीत निघाली. मी इतका खूश झालो की दोन पक्षीमित्रांना तोच संच घ्यायला लावला. त्या अंड्यांचे श्रेय बाटलीचे नव्हते, हे मला फार उशिरा समजले. अंडी घालण्यापूर्वी मादी आपल्या हाडांच्या पोकळीत कॅल्शियमचा साठा करते आणि खाद्यातून पुरवठा कमी पडला की त्यातून कवच घडवते. म्हणजे बाटलीतले औषध निरुपयोगी असले तरी पहिली काही अंडी चांगली येऊ शकतात, आणि तोवर गिऱ्हाईक समाधानाने दुसरी बाटली न्यायला आलेले असते. ही फसवणूक चालते ती यामुळेच.

दुसऱ्या विणीत एका हिरव्या मादीचे अंडे कातड्यासारखे मऊ आले. दोन दिवसांनी ती घरट्यासाठी ठेवलेल्या मडक्यातून बाहेर येऊन पिंजऱ्याच्या तळाशी पिसे फुलवून बसली. शेपटी श्वासागणिक वर-खाली होत होती आणि ती जोर करत होती. अंडे अडकले होते. पक्ष्यांची माहिती असलेल्या पशुवैद्यांनी ऊब दिली, कॅल्शियमचे इंजेक्शन दिले, तरी दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली. लागोपाठ घेतलेली वीण, उन्हाचा अभाव आणि निकृष्ट पूरक यांपैकी नेमके काय नडले हे ठामपणे सांगता येणार नाही, असे ते म्हणाले. पहिल्या दोन गोष्टींचा दोष माझा आहे.

दुकानदाराचे उत्तर तयार होते. ‘मादी कच्ची असेल, साहेब. माल खोटा असता तर पहिली अंडी आली असती का?’ त्या क्षणी माझ्याकडे उत्तर नव्हते.

घरी येऊन बाटली पाण्यात भिजत ठेवली, तर वरचे चकचकीत लेबल सुटले आणि खाली कोंबड्यांसाठीच्या औषधाचे दुसरे लेबल निघाले, ज्यावरील मुदत चौदा महिन्यांपूर्वी संपलेली होती. मुदत उलटलेल्या आणि उजेडात उघड्यावर राहिलेल्या बाटलीत डी-३ किती उरले असेल, याची खात्री कोणी देऊ शकत नाही. मग वडीचा तुकडा व्हिनेगरमध्ये टाकला. समुद्रफेण किंवा अंड्याचे कवच असते तर बुडबुडे उठले असते, कारण कॅल्शियम कार्बोनेट आम्लात फसफसते. हा तुकडा मात्र निमूट पडून राहिला. पशुवैद्यांच्या मते ते बहुधा प्लॅस्टर होते. प्लॅस्टरमध्येही कॅल्शियम असते आणि वड्या बांधण्यासाठी ते वापरतात, पण मला समुद्रफेण म्हणून विकले होते. माद्या त्या वडीला क्वचितच चोच लावत, हे मी पाहूनही दुर्लक्षिले होते.

आता मी समुद्रफेण अख्खे घेतो, धुऊन, उकळून, कडक उन्हात वाळवतो, आणि उकडलेल्या अंड्याचे कवच भरडून देतो. सकाळी पिंजरे काचेबाहेर, अर्धी सावली राहील असे ठेवतो. डी-३ मात्र पशुवैद्यांनी सांगितलेल्या मात्रेतच देतो, कारण ते जास्त झाले तर मूत्रपिंडे निकामी होतात. संशयास्पद औषधाची दुप्पट मात्रा देऊन उणीव भरू पाहणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. बॅच क्रमांक, उत्पादकाचा पत्ता आणि मुदत हे तिन्ही मूळ छापील लेबलावर नसतील, किंवा लेबलाची कड नखाने उचलली जात असेल, तर बाटली तेथेच ठेवावी.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर मी तक्रार नोंदवली आहे. बिल नसल्यामुळे पुराव्यासाठी मोबाइलवरून केलेल्या भरण्याची नोंद, दोन्ही लेबले आणि उरलेली वडी जपून ठेवली आहे. त्यानंतर त्या दोन मित्रांना फोन केला. एकाने संच उघडलाच नव्हता. दुसऱ्याकडे पहिली अंडी उत्तम आली होती आणि तो दुसरी बाटली घेऊन नुकताच घरी परतला होता.