कानातली यंत्रं: आठ महिने वापरल्यानंतर

वय ७१, निवृत्त शिक्षिका, मुक्काम सातारा. दोन्ही कानांत श्रवणयंत्रं बसवून आठ महिने झाले. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. माझी यंत्रं माझ्या तपासणीच्या आलेखावर बेतलेली आहेत, तुमचा आलेख वेगळा निघेल.

त्याआधी एका दुकानातून चार हजारांचं यंत्र आणलं होतं. तपासणी नाही, काही नाही. सगळेच आवाज सारखे मोठे व्हायचे, डोकं ठणकायचं. महिनाभरात ते कपाटात गेलं आणि 'यंत्रांचा उपयोग नसतो' असं मी दोन वर्षं धरून बसले. ती दोन वर्षं गेली याचं फार वाईट वाटतं.

मग वहिनींनी ऑडिओलॉजिस्टकडे, म्हणजे ऐकण्याची तपासणी करणाऱ्या तज्ज्ञाकडे नेलं. बंद खोलीत तपासणी झाली. खालच्या पट्टीतले आवाज मला बऱ्यापैकी ऐकू येत होते. चार हजार हर्ट्झला, म्हणजे वरच्या पट्टीत, मात्र आलेखाची रेघ ६५ डेसिबलपर्यंत उतरलेली; आवाज तेवढा मोठा केला तरच मला ऐकू यायचा. वय वाढतं तशी वरची पट्टी आधी जाते. त्यामुळे आ, ओ ऐकू येतात आणि स, श, फ निसटतात. 'साठ' म्हटलेलं मला 'आठ' ऐकू यायचं. ह्यांचा भारदस्त आवाज कळायचा, नातीचा बारीक आवाज कळायचा नाही. "नीट स्पष्ट बोल गं," म्हणून मी तिला किती वेळा रागावले! तिचे उच्चार स्वच्छच होते.

भजनी मंडळ मी गुडघ्यांचं कारण सांगून सोडलं होतं. गुडघे दुखतातच, पण खरं कारण वेगळं होतं. दोन अभंगांच्या मधे बायका हळू आवाजात बोलायच्या, सगळ्या हसल्या की मीही हसायची, आणि घरी येऊन रडू यायचं. हळूहळू बाहेर जाणं थांबलं, चालणं थांबलं, रात्रीची झोप गेली. तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए१सी) ८.४ झाली. गोळी वाढली. कानांचं कुणी विचारलं नाही, मीही बोलले नाही.

आता सकाळी वहिनींबरोबर पाऊण तास चालते, कारण चालताना त्यांचं बोलणं कळतं. साखर ७.३ वर आली आहे. ती चालण्याने आणि गोळीने आली हे मला ठाऊक आहे. पण घराबाहेर पाय निघाला तो गप्पांसाठी. स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या कारणांमध्ये 'लॅन्सेट'च्या तज्ज्ञसमितीने २०२४ साली ऐकू कमी येणंही धरलं आहे. यंत्राने तो टळेलच असं मी म्हणणार नाही, पण माणसांत परतले एवढं नक्की.

आता अडचणी. पहिले पंधरा दिवस भांड्यांचा आवाज अंगावर यायचा, स्वतःचा आवाज डब्यातून आल्यासारखा वाटायचा. रोज थोडा वेळ वाढवत न्या, सोडू नका. मला तीनदा जाऊन आवाज जुळवून घ्यावा लागला. पेटी पत्र्यासारखी वाजत होती, म्हणून भजनासाठी वेगळी सोय करून दिली. त्या ऑडिओलॉजिस्ट मुलीने एकदाही घाई केली नाही. "काकू, कुठे त्रास होतो ते वहीत लिहून आणा," म्हणाली आणि वही खरंच वाचली. यंत्रं घेताना असं माणूस आधी शोधा. लग्नाच्या हॉलमध्ये मात्र अजूनही काही कळत नाही, आणि डोक्यावरून शाल घेतली की शिट्टी वाजते.

सेल ३१२ नंबरचे, तपकिरी चिकटपट्टीचे. मला आठवडाभर पुरतात. पट्टी काढल्यावर मिनिटभर हवा लागू द्यायची, मग बसवायचा. सेल फार बारीक आहे. बोटं आखडत असतील तर चार्जिंगचंच यंत्र मागा. पावसाळ्यात रात्री यंत्रं सिलिका जेलच्या डबीत ठेवायची.

जोडीला ६४ हजार पडले. लहान रक्कम नाही. घरात ६५ पुढचं कुणी असेल आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न दोन लाखांच्या आत असेल, तर राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेची चौकशी जरूर करा. तीन हजार एकरकमी मिळतात, यादीत श्रवणयंत्र आहे. त्यात माझ्यासारखी जोडी येणार नाही, पण निदान तपासणी करायला निमित्त होईल.

परवा अंगणातल्या जास्वंदीवर शिंजीर पक्षी बोलत होता. ह्यांना विचारलं, "हा रोज येतो?" म्हणाले, "चार-पाच वर्षं झाली."