टीएलडी गोळी, एचआयव्ही आणि हिपॅटायटिस बी: २२ महिन्यांनंतरचा माझा अनुभव

आमच्या कपाटात वरच्या फळीवर दोन पांढऱ्या बाटल्या असतात. एक माझी, एक ह्यांची. दोन्हींत तीच लांबट पांढरी गोळी, तीस-तीस. माझ्या बाटलीला लाल रबर लावलेलं आहे, कारण गोळी एकच असली तरी माझ्या बाटलीचे नियम वेगळे आहेत. ह्यांना फक्त एचआयव्ही आहे. मला एचआयव्ही आणि हिपॅटायटिस बी, दोन्ही आहेत. हा फरक समजायला मला कावीळ होऊन दवाखान्यात झोपावं लागलं. दुसऱ्या कुणावर ती वेळ येऊ नये म्हणून सविस्तर लिहिते आहे.

मी सांगली जिल्ह्यात राहते, वय ४१, घरातूनच पोळी-भाजीचे डबे देते. दोन वर्षांपूर्वी गर्भपिशवीच्या ऑपरेशनसाठी एका खाजगी दवाखान्यात रक्त तपासलं. दोन्ही तपासण्या पॉझिटिव्ह आल्या. फाईलवर लाल पेनाने मोठं गोल केलं, ती फाईल सगळ्यांसमोर काउंटरवर ठेवली आणि "इथे ऑपरेशन होणार नाही" म्हणून सांगितलं. एचआयव्ही आहे म्हणून उपचार नाकारायला २०१७ च्या कायद्याने मनाई आहे आणि तो कायदा सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मी मुकाट्याने घरी आले आणि त्या दिवशीचे डबे केले. पोळ्या लाटताना एकच विचार डोक्यात होता, की माझ्या हातचं लोकांनी खावं की नाही.

हे आधी सांगून टाकते, कारण रडून रडून मी हाच प्रश्न समुपदेशक ताईंना विचारला होता. स्वयंपाकातून, ताटातून, एकत्र जेवण्यातून यातला एकही विषाणू पसरत नाही. रक्तातून, शरीरसंबंधातून आणि आईकडून बाळाला पसरतो. वस्तरा, ब्लेड, नेलकटर, टूथब्रश आपापले वेगळे ठेवायचे. माझे डबे एक दिवसही बंद झाले नाहीत.

सरकारी एआरटी सेंटरला, म्हणजे एचआयव्हीचं औषध देणाऱ्या केंद्रात, नाव नोंदवलं, उपचारांच्या नोंदींचं हिरवं पुस्तक मिळालं. सीडी-फोर, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा, २१० होता. एसजीपीटी, म्हणजे यकृताची सूज दाखवणारा आकडा, ९६. हिपॅटायटिस बीचा विषाणू रक्तात किती आहे याची वेगळी तपासणी झाली, तो आकडा कोटीत होता. औषध सुरू झालं ते टीएलडी, म्हणजे टेनोफोविर ३०० मिलिग्रॅम, लॅमिव्हुडिन ३०० आणि डोलुटेग्राविर ५०. तिन्ही एकाच गोळीत, दिवसातून एकदा. पैसे शून्य. रांगेत माझ्या शेजारी एक काकू बसायच्या, त्या २००६ पासून औषध घेतात. त्यांच्या वेळी दिवसातून दोनदा गोळ्या होत्या, अंगावर पुरळ यायचं, गाल आत जायचे. त्या माझी एक गोळी बघून म्हणाल्या, "नशीबवान आहेस बाई." तेव्हा मला ते पटलं नव्हतं. आता पटतं.

गोळी मोठी आहे, पण गुळगुळीत, घशात अडकत नाही. पहिले पंधरा दिवस मळमळ आणि विचित्र स्वप्नं. मी रात्री नऊला घ्यायचे, तर पहाटे दोनलाच टक्क जाग यायची. डोलुटेग्राविरने काही जणांची झोप उडते, असं डॉक्टरांनी सांगितलं आणि वेळ सकाळी करून दिली. शेवटचा डबा गेला की साडेनऊला नाश्ता आणि गोळी. झोप आठवड्यात जागेवर आली. वजन ५१ वरून ५८ झालं. त्यातलं थोडं औषधाचं असेल, थोडं भूक परत आल्याचं.

आता माझी चूक. सहाव्या आठवड्यात एसजीपीटी २३० आलं. सेंटरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की हिपॅटायटिस बी असलेल्यांत सुरुवातीला असं होऊ शकतं, कारण प्रतिकारशक्ती जागी होते आणि यकृतात लपलेल्या विषाणूवर तुटून पडते. गोळी चालू ठेवा, दोन आठवड्यांनी परत तपासू, असं ते म्हणाले. पण मी घाबरले आणि रिपोर्ट घेऊन घराजवळच्या एका दवाखान्यात गेले. तिथे सांगितलं, "या एचआयव्हीच्या गोळ्यांनी लिव्हर खराब होतंय, आधी त्या बंद करा." मला हिपॅटायटिस बी आहे हे त्यांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. एक आजार सांगतानाच जीभ जड होत होती, दुसरा कुठून सांगू?

पाच आठवडे मी गोळी घेतली नाही. सेंटरवरून फोन आला तर "गावाला आहे" म्हणून खोटं सांगितलं.

टेनोफोविर आणि लॅमिव्हुडिन ही दोन्ही औषधं एचआयव्हीवरही चालतात आणि हिपॅटायटिस बीवरही. म्हणजे गोळी बंद केली की मी दोन आजारांचं औषध एकदम बंद करते. हिपॅटायटिस बीचा विषाणू मोकळा सुटतो, जोरात वाढतो आणि यकृताला आधीपेक्षा मोठी सूज येते. ती सूज जीवावर बेतू शकते. ह्यांनी दोन दिवस गोळी चुकवली तर तेही वाईटच, पण त्यांच्या यकृतात दुसरं कुणी वाट बघत बसलेलं नाही. माझ्या यकृतात आहे. लाल रबर त्यासाठी.

गोळी बंद केल्याच्या पाचव्या आठवड्यात अन्नाचा वास नकोसा झाला. फोडणीचा तर सहनच होईना. लघवी काळ्या चहासारखी, डोळे पिवळे. सासूबाईंनी कावीळ उतरवणाऱ्याकडे नेलं. गळ्यात काड्यांची माळ घातली, कसलंसं चूर्ण दिलं. माळ जसजशी लांब होते तसतशी कावीळ उतरते असं म्हणतात. माळ लांब होत गेली आणि मला उठून बसताही येईना. सासूबाईंचा यात काही दोष नाही, त्यांनी मायेनेच केलं. मी त्यांना खरं काही सांगितलंच नव्हतं.

शेवटी ह्यांनी रिक्षात घालून सरकारी दवाखान्यात नेलं. एसजीपीटी ८६०, बिलिरुबिन, म्हणजे काविळीचा आकडा, ६.४. औषध कोणतं चालू आहे म्हणून विचारलं तर ह्यांनी माझी बाटली पुढे केली, आणि तिच्यावर लेबलच नव्हतं. कुणी वाचू नये म्हणून मीच नखाने खरवडून काढलं होतं. ती बाटली मी स्वयंपाकघरात तूरडाळीच्या डब्यात लपवायची, तव्याच्या वाफेत, झाकण अर्धवट लावून. आतली ओल शोषणारी पुडीही फेकून दिली होती. त्या रात्री हिरवं पुस्तक घरून आणेपर्यंत कुणालाच कळेना की मी काय घेत होते आणि काय बंद केलं होतं.

दुसऱ्या दिवशी गोळी परत सुरू झाली. रक्त गोठण्याची तपासणी दिवसाआड करत होते. यकृत साथ सोडतंय का ते तिथे आधी कळतं, असं डॉक्टर म्हणाले. अकरा दिवस राहिले. समुपदेशक ताई वॉर्डात आल्या, उरलेल्या गोळ्या मोजल्या, रागावल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "ताई, तुमच्या बाबतीत ही गोळी कुणीही बंद करा म्हणालं, अगदी मोठ्यातला मोठा डॉक्टर म्हणाला, तरी आधी आम्हाला फोन करायचा." तो नंबर मी ह्यांच्या, मुलाच्या आणि सासूबाईंच्या मोबाईलमध्ये घातला आहे. त्यासाठी सासूबाईंना सगळं सांगावं लागलं. त्या बराच वेळ गप्प बसल्या, मग उठून चहा ठेवला. एसजीपीटी पूर्ण खाली यायला अडीच महिने लागले. टीबी होऊ नये म्हणून देतात त्या आयसोनियाझिडच्या गोळ्याही मला तोवर दिल्या नाहीत, कारण त्यांचा भारही यकृतावरच पडतो.

त्यानंतर एकही दिवस चुकलेला नाही. एकदा लग्नाच्या गडबडीत साडेनऊची गोळी दुपारी तीनला आठवली, तेव्हाच घेतली. दुसऱ्या दिवसाची वेळ जवळ आली असेल तर दोन एकदम घ्यायच्या नाहीत, नेहमीच्या वेळेची एकच घ्यायची. प्रवासाला निघाले की पिशवीत चार दिवसांच्या जास्तीच्या गोळ्या असतात. आता तब्येत स्थिर आहे म्हणून तीन महिन्यांचं औषध एकदम मिळतं, त्यामुळे डब्यांचा दिवसही बुडत नाही.

रोजच्या वापरात जिथे मी अडखळले ते इतर औषधांशी होणारं भांडण. मला कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या चालू होत्या. रिकाम्या पोटी त्या टीएलडीसोबत घेतल्या तर डोलुटेग्राविर अंगात नीट शोषलं जात नाही. एकतर दोन्ही जेवणासोबत घ्यायच्या, नाहीतर टीएलडी आधी आणि कॅल्शियम-लोह किमान दोन तासांनी. उलट झालं, कॅल्शियम आधी पोटात गेलं, तर टीएलडीला सहा तास थांबायचं. मी कॅल्शियम-लोह रात्रीच्या जेवणाला नेऊन टाकलं, प्रश्न मिटला. पित्ताचं गुलाबी पातळ औषध मात्र जेवणासोबतही चालत नाही, त्याला तेच दोन आणि सहा तासांचं अंतर हवंच. हे मला कुणी आपणहून सांगितलं नव्हतं, बाटली दाखवून विचारल्यावर कळलं. ह्यांना साखर आहे, ते मेटफॉर्मिन घेतात. डोलुटेग्राविरमुळे मेटफॉर्मिनचं रक्तातलं प्रमाण वाढतं, म्हणून त्यांचा डोस दिवसाला १००० मिलिग्रॅमच्या वर नेलेला नाही. टीबीचं रिफॅम्पिसिन आणि फिट्सची काही औषधं चालू असतील तरी हिशोब बदलतो, ते सेंटरला सांगायलाच हवं.

मूत्रपिंडाचंही सांगते. सुरुवातीला क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाचं काम दाखवणारा रक्तातला आकडा, ०.८ वरून १.० झालं तेव्हा डॉक्टर निवांत होते. डोलुटेग्राविरने हा आकडा थोडा वर सरकतो, त्यात मूत्रपिंडाला इजा नसते. पण चौदाव्या महिन्यात १.३ आलं, तेव्हा त्यांनी चष्मा काढून ठेवला आणि विचारलं, "दुखण्याची गोळी कोणती घेताय?" तव्यासमोर पाच-पाच तास उभं राहून गुडघे धरतात, म्हणून मी मेडिकलमधून डायक्लोफिनॅक आणून महिनाभर घेत होते, आणि उन्हाळ्यात पाणीही कमी पीत होते. टेनोफोविर मूत्रपिंडातून बाहेर पडतं, त्यात ही भर. डायक्लोफिनॅक बंद केलं, लघवीतलं प्रथिन तपासलं, दीड महिन्यात १.० वर आलं. आता फार दुखलं तर पॅरासिटामॉल, तेही डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या मर्यादेत. आणि पोळ्या मी उंच स्टुलावर बसून करते.

मूत्रपिंड पुढे बिघडलंच तर औषध बदलता येतं, पण हिपॅटायटिस बीवर चालणारं औषध त्यात राहिलंच पाहिजे. गेल्या दिवाळीत एका ओळखीच्या बाईंनी सांगितलं की त्यांना दोनच औषधांची छोटी गोळी मिळते, डोलुटेग्राविर आणि लॅमिव्हुडिनची, तुम्हीही मागा. मी विचारलं. डॉक्टर म्हणाले, त्यांना हिपॅटायटिस बी नाही म्हणून चालतं. लॅमिव्हुडिन एकटं पडलं की हिपॅटायटिस बीचा विषाणू काही वर्षांत त्याला जुमानेनासा होतो. हिपॅटायटिस बीवर एकटं दिलं जाणारं एन्टेकॅविरही एचआयव्हीचं पूर्ण औषध सोबत नसताना घ्यायचं नाही, त्याने एचआयव्हीचा विषाणू औषधाला सरावतो. म्हणून कुठल्याही डॉक्टरांकडे गेले की मी दोन्ही आजारांची नावं एका दमात सांगते.

घरात काढे बंद आहेत. यकृतासाठी म्हणून गुळवेल द्यायचा शेजारणीचा आग्रह असतो. कोविडच्या काळात गुळवेल घेऊन यकृताला सूज आलेले रुग्ण मुंबईच्या डॉक्टरांनी नोंदवले होते, हे मला वॉर्डातच सांगितलं होतं. दारूचा प्रश्न आमच्याकडे नाही, पण ज्यांच्याकडे आहे त्यांनी दारू सोडण्याचा सल्ला टाळू नये.

ह्यांची आणि दोन्ही मुलांची हिपॅटायटिस बीची तपासणी झाली, तिघेही निगेटिव्ह. लस घेतली, पहिला दिवस, एक महिना, सहा महिने, असे तीन डोस. मुलांची एचआयव्हीही निगेटिव्ह आली, त्या दिवशी मी देवापुढे बसून खूप रडले.

आठव्या महिन्यात एचआयव्हीचा व्हायरल लोड, म्हणजे रक्तात विषाणू किती आहे त्याचा रिपोर्ट, आला, "टार्गेट नॉट डिटेक्टेड", म्हणजे तपासणीत विषाणू सापडलाच नाही. पाच आठवड्यांच्या माझ्या मूर्खपणानंतरही गोळीने साथ दिली. अठराव्या महिन्यात परत तेच. हिपॅटायटिस बीचा आकडा सावकाश उतरला, कोटीतून लाखात, मग हजारात, आता १४०. तो आजार बहुधा कधीच पूर्ण जाणार नाही, म्हणून दर सहा महिन्यांनी यकृताची सोनोग्राफी असते. गर्भपिशवीचं ऑपरेशन सरकारी दवाखान्यात व्यवस्थित झालं. तिथे माझी फाईल इतरांच्या फाईलींसारखीच होती, कसलाही गोल नव्हता.

कुणाला काही विचारायचं असेल तर १०९७ वर फोन करा, मोफत आहे, नाव सांगावं लागत नाही. मी पहिल्यांदा फोन केला तेव्हा नुसतीच गप्प राहिले होते. पलीकडच्या बाई "बोला, मी ऐकतेय" म्हणत थांबल्या होत्या.

पुढची सोनोग्राफी येत्या मंगळवारी आहे, उपाशीपोटी. त्या दिवशीचे डबे सासूबाई करणार आहेत. साडेनऊची गोळी मी सोबत नेणार आहे, लेबल असलेल्या बाटलीतच.