उडता टॉवर : एका टॉवरवाल्याचा अभिप्राय

बावीस वर्षं मोबाइल टॉवरवर चढ-उतार केली, म्हणून एटी अँड टी या अमेरिकन मोबाइल कंपनीच्या ‘फ्लाइंग काऊ’बद्दल, म्हणजे ड्रोनवर बसवलेल्या मोबाइल टॉवरबद्दल, चार शब्द. हाताळलेला नाही, नुसता बारकाईने वाचलाय. काऊ म्हणजे गाय नव्हे हो, ‘सेल ऑन विंग्ज’चं लघुरूप! 2017 मध्ये मारिया वादळाने प्वेर्तो रिकोतलं नेटवर्क आडवं केलं, तेव्हा हा ड्रोन 200 फुटांवर तरंगत 40 चौरस मैलांपर्यंत सिग्नल पुरवू शकत होता. आमचा नेहमीचा टॉवर 40 मीटरचा, म्हणजे त्याहूनही बुटका.

मी भाळलो ते त्याच्या दाव्यावर, म्हणजे त्याला जमिनीशी बांधून ठेवणाऱ्या केबलवर. होय, जनावरासारखा बांधलेलाच असतो. त्या केबलमधूनच वीज वर जाते, डेटा खाली येतो आणि पुढे उपग्रहाकडे. त्यामुळे बॅटरीच्या ड्रोनसारखं अर्ध्या तासात खाली उतरायला नको.

जुलै 2021 च्या पुरात चिपळूणला आमचा टॉवर धडधाकट उभा होता. पण जनरेटर पाण्यात, बॅटऱ्या दुपारीच गार. माणसं गच्चीवर फोन उंचावून उभी! लोखंड शाबूत, वीज नाही. तिथे हा प्रकार हवा होता.

खोट एकच, पण मोठी. ड्रोनबरोबर खाली गाडी, वीज आणि माणसं लागतातच. बाजारपेठेत वाशिष्ठी शिरलेली असताना गाडी उभी करणार कुठे? आणि कोकणातला आषाढातला वारा वेगळाच.

पाचपैकी साडेतीन. अर्धा गुण दाव्याचा.