रबाळे एमआयडीसीतील फिरती फुप्फुस तपासणी : फुंकणे चोख, अहवाल अर्धवट

आमच्या रबाळ्याच्या गाळ्यात स्टेनलेस स्टीलची रेलिंग, हॉटेलांसाठी सिंक आणि कामाची टेबले तयार होतात. म्हणजे दिवसभर कटिंग, वेल्डिंग, ग्राइंडिंग आणि शेवटी बफिंग, म्हणजे फिरत्या चाकावर घासून चकाकी आणणे. बफिंगच्या चाकापाशी उभा राहणारा माणूस संध्याकाळी नाक शिंकरतो तेव्हा रुमाल काळा होतो, आणि त्याची ना त्याला खंत वाटते ना ठेकेदाराला. अशा कामगारांची वार्षिक तपासणी गाळ्यावर येऊन करून देणाऱ्या नवी मुंबईतील एका निदान केंद्राची सेवा आम्ही यंदा घेतली. माणशी दर साध्या रक्त-लघवीच्या पॅकेजपेक्षा चढा आहे, आणि तो मुख्यतः स्पायरोमेट्रीमुळे, म्हणजे नळीत जोराने फुंकून फुप्फुसांची क्षमता मोजण्यामुळे चढलेला आहे. हा पैसा वसूल झाला की नाही, एवढ्याच प्रश्नापुरता हा अभिप्राय आहे.

फुंकण्याच्या भागाला मी निःसंकोच पैकीच्या पैकी गुण देतो. तंत्रज्ञ मुलीने सकाळी आल्याआल्या तीन लिटरच्या पिचकारीने यंत्र तपासून घेतले, त्याचा कागद स्वतःहून दाखवला आणि मगच पहिल्या कामगाराला बोलावले. उंची मोजताना प्रत्येकाला सेफ्टी शूज काढायला लावले. ही बाब किरकोळ वाटली तरी अपेक्षित क्षमता वय, लिंग आणि उंचीवरूनच काढली जाते, त्यामुळे जाड तळव्याच्या बुटांनी दिलेले दोन-तीन सेंटिमीटर सगळा हिशेब बिघडवतात. नाकाला चिमटा लावून, पूर्ण श्वास भरून, ‘सोडा, सोडा, अजून सोडा, थांबू नका दादा’ असे ती शेवटपर्यंत ओरडून सांगत होती. किमान तीन फुंका नीट झाल्या पाहिजेत आणि त्यांतल्या सर्वोत्तम दोनमधला फरक 150 मिलिलिटरच्या आत राहिला पाहिजे, हा नियम तिने कोणासाठीही सैल केला नाही. खोकला आलेली फुंक सरळ बाद केली. एका फुंकेत माणूस मोकळा करणाऱ्या तपासण्या मी पाहिल्या आहेत, म्हणून याचे मोल अधिक वाटते.

घोडे पेंड खाते ते अहवालात. प्रत्येकाच्या कागदावर आलेख आहे, आकडे आहेत आणि खाली ‘नॉर्मल’ असा शिक्का आहे; मात्र मागील वर्षीच्या आकड्यांशी तुलना कुठेही नाही. मागील वर्षीची तपासणी दुसऱ्या केंद्राने केली होती आणि तिची फाइल आम्ही टेबलावर ठेवली होती, तरी ती कोणी उघडली नाही. धातूच्या धुळीत काम करणाऱ्यांच्या बाबतीत हीच तुलना सर्वांत महत्त्वाची आहे. समजा, वय-उंचीनुसार एखाद्याने पहिल्या सेकंदात साडेतीन लिटर हवा बाहेर टाकणे अपेक्षित आहे आणि कामाला लागताना तो 3.9 लिटर टाकत होता. पाच-सहा वर्षांनी तो 3.0 लिटरवर आला, तरी अपेक्षित आकड्याच्या 80 टक्क्यांच्या वर असल्याने त्याच्या कागदावर ‘नॉर्मल’च छापून येणार. तिशीनंतर निरोगी माणसाची ही क्षमता वर्षाला साधारण 25 ते 30 मिलिलिटरने घटते. या गड्याचे जवळजवळ एक लिटर गेले, आणि शिक्क्याला त्याचा पत्ताही नाही.

एक्स-रेबद्दल थोडक्यात सांगायचे तर तो पॅकेजमध्ये भारदस्त दिसतो, पण त्याच्यावर भिस्त ठेवू नये. लोखंडाची धूळ साचल्याने फुप्फुसात ठिपके दिसतात आणि क्षमता बऱ्यापैकी शाबूत असते, असे होऊ शकते. उलट दम्याच्या सुरुवातीच्या रुग्णाचा एक्स-रे स्वच्छ निघतो.

प्रश्नावली मात्र अगदीच सर्वसाधारण होती. विडी, तंबाखू, साखर, रक्तदाब हे सगळे विचारले. सुट्टीच्या दिवशी खोकला कमी होतो का, हे विचारले नाही. क्रोमियम, निकेल आणि कोबाल्ट यांमुळे कामाशी निगडित दमा होतो आणि त्याची पहिली खूण बहुधा हीच असते. गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे जस्ताचा थर दिलेल्या, पाइपावर वेल्डिंग केलेल्या रात्री थंडी-ताप भरतो आणि एक-दोन दिवसांत उतरतो, हा जस्ताच्या धुराचा ताप आमच्या वेल्डरांच्या चांगला अनुभवाचा आहे. पण ते तो मलेरिया समजून गोळी घेतात. टूल-रूममधला मुलगा कार्बाइडची हत्यारे घासतो, म्हणजे टंगस्टन कार्बाइडबरोबर कोबाल्टची धूळ त्याच्या नाकात जाते, आणि तिच्यामुळे होणारा फुप्फुसाचा आजार इतर धुळींपेक्षा वेगळा व गंभीर असतो. त्याच्या कागदावर व्यवसाय म्हणून नुसते ‘हेल्पर’ लिहिले होते. वेल्डिंगचा धूर 2017 मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने माणसात निश्चितपणे कर्करोग करणाऱ्या गटात घातला. असे असताना कोण कोणत्या कामावर किती वर्षे आहे, एवढे तरी नोंदवायला नको का?

सोबत आलेले डॉक्टर सौजन्याने बोलले, मास्क नीट लावण्याबद्दल आणि दाढी असेल तर मास्कच्या कडेने हवा आत जाते याबद्दल त्यांनी उपयुक्त माहिती दिली, पण ते केबिनबाहेर पडले नाहीत. बफिंगच्या चाकामागचे धूळ ओढणारे सक्शन चालू आहे का, हे पाहायला दहा पावले पुरली असती. कामगारांचे निकाल सर्वांसमोर मोठ्याने वाचून दाखवणे हेही खटकले. ज्याचे आकडे कमी आले त्याला आता पुढच्या ठेक्यात घेतील का, ही चिंता त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होती.

फुंकण्याची तपासणी इतक्या काटेकोरपणे करणारे दुसरे कोणी माझ्या माहितीत नसल्याने पुढील वर्षाचे काम याच केंद्राला द्यावे, अशी शिफारस मी आमच्या मालकांना केली आहे. मागणीपत्रात मात्र तीन अटी टाकल्या आहेत : जुन्या आकड्यांचा तक्ता शेजारी छापावा आणि 15 टक्क्यांहून अधिक घट असेल त्याला छातीच्या डॉक्टरांकडे पाठवावे, निकाल ज्याचा त्याला एकट्याला, मराठीत किंवा हिंदीत समजावून सांगावा, आणि यादीत ठेकेदाराची सगळीच माणसे धरावीत. तिसऱ्या अटीवर केंद्राने लगेच होकार दिला. ठेकेदार अजून टाळाटाळ करतो आहे.