राज्यशास्त्राचा मायनर आणि सीईपी: गावकारभार शिकायचा असेल तर ही जोडी कशी आहे?

पदवीच्या प्रवेश अर्जात मायनरच्या, म्हणजे मुख्य विषयाच्या (मेजरच्या) जोडीला घ्यायच्या दुय्यम विषयाच्या रकान्यापाशी बरेच विद्यार्थी अडतात. ज्यांना गावाचा किंवा प्रभागाचा कारभार समजून घ्यायचा आहे ते तर जास्तच. नागरिकशास्त्र शाळेत दहावीपर्यंत असतं, कॉलेजात ते त्या नावाने सहसा भेटत नाही. भेटतं ते राज्यशास्त्र किंवा लोकप्रशासन या मायनरमधून. त्याच्या शेजारी कम्युनिटी एंगेजमेंट प्रोग्रॅमची, म्हणजे गावात किंवा वस्तीत जाऊन करायच्या कामाची (सीईपीची) दोन क्रेडिट असतात. हे परीक्षण या जोडीचं आहे. आमचं मत आधीच सांगतो: दोन्ही एकमेकांशी जुळवता येणार असतील तर हा मायनर जरूर घ्या. जुळणार नसतील तर तो पाठांतराचा आणखी एक विषय होतो.

आधी हिशेब. राज्य शासनाने २० एप्रिल २०२३ च्या निर्णयाने जो आराखडा दिला, त्यात तीन वर्षांच्या पदवीला १२० ते १३२ क्रेडिट आहेत आणि त्यातली १८ ते २० मायनरची. एक क्रेडिट म्हणजे वर्गातले १५ तास, प्रात्यक्षिक असेल तर ३०. म्हणजे मायनरला साधारण २७० ते ३०० तास मिळतात. कुठल्या सेमिस्टरला किती, हे विद्यापीठागणिक बदलतं, त्यामुळे आपल्या विद्यापीठाचा तक्ताच पाहावा. मायनर आपल्याच विद्याशाखेतला हवा अशी सक्ती नाही, म्हणून विज्ञान किंवा वाणिज्यच्या विद्यार्थ्यालाही राज्यशास्त्र घेता येतं. मात्र वेळापत्रकात तासांची टक्कर होते का, हे प्रवेशाच्या वेळीच विचारा. दुपारची प्रॅक्टिकल आणि मायनरचा तास एकाच वेळी आल्याने विषय बदलावा लागणं ही नेहमीची अडचण आहे.

खरी गोम पुढे आहे. सीईपी आणि फील्ड प्रोजेक्ट बहुतेक ठिकाणी मेजर विषयाला बांधलेले असतात, मायनरला नाही. त्यामुळे राज्यशास्त्र मायनर म्हणून घेतलेला विद्यार्थी तीन वर्षं फक्त वर्गात बसतो आणि गावात जातो तो वेगळ्याच विषयासाठी. ही फट विद्यार्थ्यालाच बुजवावी लागते, आणि ती बुजवता येते. रसायनशास्त्र मेजर असेल तर सीईपीसाठी गावाच्या पाण्याची तपासणी घ्या. जल जीवन मिशनमध्ये गावोगावी महिलांना तपासणी संच हाताळायचं प्रशिक्षण दिलेलं आहे, त्यांच्याबरोबर काम करा. नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या आत आहे का, क्लोरिन घातलेल्या पाण्यात शेवटच्या नळाला किमान ०.२ मिलिग्रॅम उरतं का, हे मोजा आणि निष्कर्ष ग्रामसभेत ठेवा. मोजणी मेजरची, ग्रामसभा मायनरची. वाणिज्यवाल्यांचं काम आणखी सोपं आहे: ग्रामपंचायतीचा नमुना ९, म्हणजे कर मागणीची नोंदवही, घ्या आणि मागणी किती, वसुली किती, थकबाकी कुठल्या वस्तीत आणि का, ते शोधा.

अभ्यासक्रमाबद्दल. राज्यघटना, मूलभूत हक्क, न्यायालयांची रचना हा भाग बहुतेक ठिकाणी चांगला शिकवला जातो आणि स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासालाही त्याचा आधार होतो. स्थानिक स्वराज्य संस्थांचा भाग मात्र कोरडा राहतो. पंचायतींबद्दलची ७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून आणि नगरपालिकांबद्दलची ७४ वी १ जून १९९३ पासून लागू झाली, महाराष्ट्रात स्त्रियांना ५० टक्के आरक्षण आहे, एवढं लिहून उत्तर संपतं. ग्रामपंचायत अधिकाऱ्यासमोर (म्हणजे पूर्वीच्या ग्रामसेवकासमोर) बसून अंदाजपत्रक कसं वाचायचं, हे त्यात येत नाही. शहराचं तर त्याहून अवघड. पुस्तकात स्थायी समिती आणि प्रभाग समित्या रीतसर चाललेल्या असतात, पण २०२२ नंतर कित्येक महापालिकांवर काही वर्षं प्रशासकच होते. क्षेत्रसभेची, म्हणजे शहरातल्या एका भागाच्या मतदारांच्या सभेची तरतूद २००९ मध्ये राज्याच्या कायद्यात आली, पण ती भरलेली पाहायला मिळणं दुर्मीळ. शहरातल्या विद्यार्थ्याने पुणे महापालिकेचा नागरिक सहभागातून अंदाजपत्रकाचा उपक्रम जरूर अभ्यासावा. तो २००६ पासून चालू आहे, आणि नागरिकांनी सुचवलेली कामं अंदाजपत्रकाच्या पुस्तकात शोधणं हाच एक उत्तम प्रकल्प होतो.

या जोडीचा जीव ग्रामसभेत आहे, म्हणून तिच्याकडे तपशिलाने पाहू. महाराष्ट्रात वर्षाला किमान चार ग्रामसभा व्हाव्या लागतात. बहुतेक गावांत त्या २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवशी किंवा आगेमागे होतात. कॉलेजच्या दृष्टीने पहिलं सेमिस्टर सोयीचं, कारण त्यात दोन सभा मिळतात, आणि २ ऑक्टोबरच्या सुमारास पुढच्या वर्षाच्या गाव विकास आराखड्याची चर्चा सुरू होते. १ मे परीक्षेत किंवा सुट्टीत जातो. सभेची नोटीस सात दिवस आधी निघते, तिच्यावरची विषयपत्रिका वाचूनच जा. ग्रामसभेआधी महिलांची स्वतंत्र सभा होते. पाण्याचे आणि शौचालयाचे खरे प्रश्न तिथे आधी कळतात, पण विद्यार्थी बहुधा तिला जातच नाहीत. मुलींनी तरी ती चुकवू नये.

गणपूर्तीला, म्हणजे सभा चालवायला लागणाऱ्या किमान हजेरीला, एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल ती लागते. ती झाली नाही की सभा तहकूब होते. पुन्हा भरलेल्या सभेला गणपूर्तीची अट नसते, मात्र नवा विषय घेता येत नाही. बाहेरून आलेले विद्यार्थी इथेच फसतात: ते तहकूब सभेला पोहोचतात आणि आपला विषय मांडायला मागतात. विषय मूळ सभेच्या पत्रिकेवरच यायला हवा, म्हणून सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना पत्र नोटीस निघण्याच्या आधी द्या. ग्रामसभेचे सदस्य म्हणजे गावाचे मतदार. त्यामुळे परगावच्या विद्यार्थ्याने परवानगी घेऊन निरीक्षक म्हणून बसावं आणि मतदानाच्या वेळी हात वर करू नये. यावरून गावात वाद झाले तर पुढच्या तुकडीला कोणी उभं करत नाही.

दोन क्रेडिटच्या सीईपीचे ६० तास होतात आणि ते रॅली, पथनाट्य, स्वच्छता मोहीम यांत चटकन संपतात. आम्ही सुचवतो ती वाटणी अशी: मागची इतिवृत्तं आणि आराखडा वाचायला ६ तास, शिवारफेरी आणि गावनकाशाला १०, घरोघरी माहितीला १६ (एका घराला वीस-पंचवीस मिनिटं धरली तर चाळीसेक घरं होतात), ग्रामपंचायतीची दप्तरं पाहायला ८, ग्रामसभेला ४, माहितीची मांडणी करायला १० आणि गावासमोर ती परत ठेवायला ६. शेवटचे सहा तास बहुतेक ठिकाणी गाळले जातात. ते गाळले की गावाने वेळ दिला आणि हाती काही आलं नाही, असं होतं. माणसं ते बरोबर लक्षात ठेवतात.

दप्तरं पाहताना नमुना १, म्हणजे अंदाजपत्रक, आधी मागा. ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातून, म्हणजे तिने स्वतः कर वगैरे गोळा करून मिळवलेल्या पैशांतून, मागासवर्गीयांसाठी १५ टक्के, महिला व बालकल्याणासाठी १० टक्के आणि दिव्यांगांसाठी ५ टक्के खर्च व्हावा लागतो. स्वउत्पन्नाचा आकडा काढा, हे तीन आकडे स्वतः मोजा, मग प्रत्यक्ष खर्चाशी जुळवा. एवढ्या एका व्यायामात विद्यार्थ्याला जे समजतं ते चार प्रकरणं वाचून समजत नाही. मंजूर आराखडा आणि खर्च ई-ग्रामस्वराज संकेतस्थळावर दिसतो, तो कागदाशी ताडून पाहा. चूक होते ती इथे: विद्यार्थी अनुदानासकट एकूण जमेवर टक्के काढतात आणि पंचायतीवर खर्च न केल्याचा ठपका ठेवतात. टक्के स्वउत्पन्नावर काढायचे, अनुदान धरायचं नाही.

माहिती अधिकार अर्ज हा दुसरा भक्कम भाग. पण तो सेमिस्टरच्या पहिल्या दोन आठवड्यांत गेला नाही तर उपयोगाचा राहत नाही. उत्तराला ३० दिवस, ते आलं नाही तर पहिलं अपील आणि त्याच्या निकालाला ३० ते ४५ दिवस, एवढ्यात सेमिस्टर सरतं. अर्ज जोडपत्र 'अ' मध्ये, १० रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावून, एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांच्या आत. 'रस्ता का झाला नाही?' असं विचारलं की उत्तर मिळत नाही, कारण कायदा दप्तरी असलेली माहिती देतो, कारणमीमांसा करून देत नाही. 'अमुक रस्त्याच्या कामाचा कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेची प्रत आणि अदा केलेली देयकं' असं मागा. प्रतीला पानामागे २ रुपये. राज्याच्या २०१८ च्या परिपत्रकाने स्थानिक संस्थांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ अभिलेख पाहण्याची सोय केली. ती आपल्या कार्यालयात चालू आहे का, हे आधी विचारा, कदाचित अर्जाची गरजच पडणार नाही.

नेतृत्वाचा भाग मात्र कमकुवत आहे. नेतृत्वाचे प्रकार आणि गुण यांच्या याद्या मिळतात, सभा चालवायला कोणी शिकवत नाही. विभागाने प्रत्येक विद्यार्थ्याकडून निदान एकदा विषयपत्रिका, इतिवृत्त आणि ठराव लिहून घ्यायला हवेत. ठरावात क्रमांक, विषय, सूचक, अनुमोदक आणि कोणी, काय, कधीपर्यंत करायचं हे यावं. विद्यार्थ्यांच्या इतिवृत्तात भाषणं सविस्तर असतात आणि निर्णय सापडत नाही. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाने २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवला, त्यामागे वर्षानुवर्षं सर्वसहमतीने निर्णय घेण्याची सवय होती. नेतृत्वाच्या तासाला हे उदाहरण सविस्तर घेतलं जावं.

कॉलेज निवडताना माहितीपत्रकावर विसंबू नका. विभागात जाऊन मागच्या वर्षीचे तीन सीईपी अहवाल पाहायला मागा. फलक धरलेले फोटो जास्त आणि आकडे कमी असतील तर समजून घ्या. गाव दरवर्षी बदलतं की तेच असतं, हेही विचारा. सलग तीन वर्षं एकाच गावात जाणाऱ्या विभागाकडे तुलना करायला जुनी माहिती असते, गावातली माणसं ओळखतात, आणि पहिल्याच दिवशी दप्तर उघडलं जातं. मार्गदर्शक प्राध्यापकांकडे किती विद्यार्थी आहेत हाही प्रश्न महत्त्वाचा. एकाकडे साठ विद्यार्थी असतील तर अहवाल वाचले जात नाहीत, फक्त सह्या होतात. अहवालाची एक प्रत ग्रामपंचायतीकडे आवक क्रमांकासह जमा केलेली दिसली, तर त्या विभागात निर्धास्त प्रवेश घ्या.